घरकुलाचा हप्ता जोत्याआधी हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील लहान शहरांमध्ये परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की बोलणे म्हाडाच्या सोडतीवर, नाही तर विकासकाला द्यायच्या वाढीव चटईक्षेत्रावर येऊन थांबते. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत निघणारी बहुतेक घरे विरार, ठाणे, कल्याण या भागांत असतात. चिपळूण, रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या मच्छीमाराला, गवंड्याला किंवा आंबा काढणीवर जाणाऱ्या मजुराला त्यांचा उपयोग नाही. ही माणसे घर विकत घेत नाहीत. वडिलोपार्जित तुकड्यावर, शेजाऱ्यांच्या मदतीने, तीन-चार वर्षांत थोडे थोडे करून ती घर बांधतात. सार्वजनिक पैसा या बांधणीच्या पाठीशी आणि तिच्या वेळापत्रकाप्रमाणे उभा राहिला पाहिजे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या हद्दीत खाडीकाठी राहतो. बांधकाम पर्यवेक्षकाची नोकरी करून निवृत्त झाल्यापासून आमच्या वाडीतील आणि शेजारच्या मोहल्ल्यातील लोकांना घराचे नकाशे, अंदाजपत्रके आणि घरकुलाचे अर्ज करून देतो. पुढे जे लिहिले आहे ते या कामात डोळ्यांनी पाहिलेले आहे.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या चार घटकांपैकी चौथा घटक, ज्याला आमच्याकडे सगळे ‘घटक चार’ एवढेच म्हणतात, तो स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यासाठी आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये त्यात मिळतात. देशभरात या योजनेखाली मंजूर झालेल्या शहरी घरांत सर्वांत मोठा वाटा याच घटकाचा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोठ्या इमारतींचे प्रकल्प जागेसाठी, ठेकेदारासाठी आणि परवानग्यांसाठी अडून राहिले असतानाही लोकांनी आपापली घरे उभी केली. म्हणजे बांधणारे हात कमी नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. पाच वर्षांत एक कोटी कुटुंबे आणि २ लाख ३० हजार कोटी रुपयांचे साहाय्य असा तिचा पसारा आहे. पण महाराष्ट्रातील घरबांधणाऱ्यासाठी केंद्राचा वाटा २०१५ मध्ये होता तेवढाच, म्हणजे दीड लाख, राहिला. मधल्या काळात चिरा, सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी यांतले काहीही जागच्या जागी राहिलेले नाही. तीस चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फुटांचे घर धरले तर अडीच लाखांतून चौरस फुटाला पावणेआठशे रुपयेही पडत नाहीत. माझ्या हिशेबाने आमच्या भागात आज अठराशे रुपयांच्या आत पक्के काम होत नाही. उरलेले तीन-साडेतीन लाख कुटुंबाने कुठून तरी उभे करायचे असतात. तरीही रक्कम वाढवा, ही माझी पहिली मागणी नाही. आहे तो पैसा ज्या रीतीने दिला जातो, त्या रीतीतच अधिक मोठा दोष आहे.

आमच्या वाडीतील एका बाईंचे उदाहरण सांगतो. नवरा होडीवर जात असे, तो वारला. बाई पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेतात आणि दारोदार विकतात. त्यांच्या मातीच्या भिंतींच्या घराचे आढे मे २०२१ च्या तौक्ते वादळात मोडले. मी त्यांचा घटक चारमधला अर्ज भरला, तेव्हा पहिली अडचण सातबाऱ्याची आली. उताऱ्यावर ३८ नावे. त्यांतली काही माणसे हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. काही लेकी लग्न होऊन परगावी गेल्या. उरलेले बहुतेक नालासोपारा, डोंबिवली, लालबाग इथे. प्रत्येकाचे संमतीपत्र आणा, असे सांगण्यात आले. टपालाने किंवा फोनवर ही कामे होत नाहीत. चाकरमानी गणपतीला घरी आले की आरतीच्या वेळी आम्ही कागद आणि शाईचा पॅड घेऊन घरोघरी जात होतो. एका गणपतीत जमले नाही. दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत सह्या पूर्ण झाल्या. एकाही हिस्सेदाराचा विरोध नव्हता. सगळ्यांना ठाऊक होते की ती बाई त्या जागेत चाळीस वर्षे राहते, घरपट्टी भरते, विजेचे बिल तिच्या नवऱ्याच्या नावावर येते. तरी दोन वर्षे गेली.

बाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगितले पाहिजे की सामाईक सातबारा हा कोकणात अपवाद नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि कुळांच्या नावावर जमिनी लागल्या, पण ज्यांच्या नावावर त्या लागल्या त्यांचे मुलगे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले. वाटणी करण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण गणपतीला आणि शिमग्याला सगळ्यांनी एकाच घरात उतरायचे होते. तीन पिढ्यांत एका नावाची चाळीस झाली. जमीन एकत्र ठेवण्याची ही रीत भावकी टिकवण्यासाठी होती. आज ‘स्वच्छ मालकी’ या अटीमुळे गावात राहणारा, बहुधा भावकीतला सर्वांत गरीब हिस्सेदार तेवढा अनुदानाबाहेर पडतो आहे.

दुसरी अडचण हप्त्यांची. आमच्याकडे मंजुरी मिळाल्यावर पहिला हप्ता जोते पूर्ण झाल्यावर, त्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह चढवल्यावर मिळतो. पुढचा हप्ता भिंती वर गेल्यावर, शेवटचा छप्पर आणि शौचालय झाल्यावर. कागदावर हे योग्य दिसते, कारण काम झाल्याखेरीज पैसा जाऊ नये. पण ज्या माणसाकडे जोते बांधण्याएवढी शिल्लक नाही त्याच्यासाठी ही योजना आहे. त्या बाईंनी हातातल्या बांगड्या पतपेढीत गहाण ठेवून जोते बांधले. पाहणीला माणूस यायला सात आठवडे लागले. हप्ता जमा झाला तो मे महिन्याच्या शेवटी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात मेअखेर मिळालेल्या पैशातून भिंत बांधता येत नाही. चिरेखाणी पावसाळ्यात बंद असतात, वाळू मिळत नाही, आणि ताजी भिंत उघडी राहिली तर तिच्या सांध्यांतला माल धुऊन जातो. बाई आणि त्यांची दोन मुले तो पावसाळा जुन्या पडवीत ताडपत्रीखाली राहिली. दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू झाले तेव्हा चिऱ्याचा दर वाढलेला होता आणि पतपेढीचे व्याज चालू होते.

नगरपरिषदेतील ज्या कर्मचाऱ्याकडे हे काम होते त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पाहणी, फोटो, नोंदी, हप्त्यांचे प्रस्ताव हे सगळे त्या एका कंत्राटी अभियंत्यानेच करायचे होते. दोष आहे तो कोकणाच्या ऋतूंकडे न पाहता आखलेल्या पद्धतीचा. इथे बांधकामाचा काळ दिवाळीपासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे जेमतेम सहा महिने असतो. ऑक्टोबरमध्ये हातात आलेला एक लाख रुपया आणि मेमध्ये हातात आलेला एक लाख रुपया यांची किंमत इथे सारखी नसते.

बांधकाम परवानगीची अडचण मात्र पूर्वीएवढी राहिलेली नाही, हे नोंदवले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील घरांची प्रक्रिया सोपी केली. किनारा नियमन क्षेत्रातील घरांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे; तो या पत्रात आणत नाही.

नगरपरिषदेची हद्द जिथे संपते तिथे रस्त्याच्या पलीकडे ग्रामपंचायत आहे. तिथल्या घरकुलाला अनुदान कमी असले तरी ग्रामीण योजनेत रोजगार हमीतून ९० दिवसांच्या अकुशल मजुरीची तरतूद करण्यात आली होती. म्हणजे स्वतःच्या घराचा पाया खणणाऱ्या माणसाच्या श्रमाला सरकारने मजुरी मानले. आमच्या हद्दीतील बाई मुलांना घेऊन पाया खणतात तेव्हा त्या दिवसांची मासळीविक्री बुडते आणि त्या श्रमाची कुठल्याही कागदावर नोंद होत नाही. श्रम तेच, पाऊस तोच, जांभ्याची जमीन तीच. शहर म्हणून कर भरणाऱ्याला ही सोय नसावी, याचे समाधानकारक कारण मला कोणी सांगू शकलेले नाही.

आता माझे मुख्य म्हणणे. हा पैसा एकेका कुटुंबाला एकटे पाडून देण्याऐवजी वाडीच्या गटाला देता आला पाहिजे. घर बांधणे हे कोकणात कधीच एका घराचे काम नव्हते. वासे चढवायचे, कौले चढवायची, विहिरीचा कठडा बांधायचा, तर वाडीतली माणसे एकमेकांकडे दिवस घालत आली आहेत. चार वर्षांपूर्वी आमच्या वाडीतील पाच घरांनी ठरवून एकत्र काम केले. खाणीवरून चिरा थेट आणला, त्यामुळे मधल्या माणसाचा दर वाचला. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि मिक्सर एकदाच भाड्याने घेतला. एकाच गवंड्याला सलग पाच घरांचे काम मिळाल्याने त्याने मजुरी कमी लावली. पाचही घरांच्या भिंती एका हंगामात पूर्ण झाल्या. बँक किंवा कार्यालय त्यांना एक गट म्हणून ओळखत नव्हते, म्हणून पाच वेगळ्या फायली, पाच वेगळ्या पाहण्या आणि पाच वेगवेगळ्या तारखांना आलेले हप्ते असा तो प्रवास झाला. ज्याचा हप्ता आधी आला त्याने दुसऱ्याला उसने दिले, एवढ्यावर ते निभावले.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून जिचा उल्लेख होतो ती सारस्वत सोसायटी १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला स्थापन झाली. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार महिलांनी सहकारी संस्था करून दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ मध्ये ती कामगारांच्या हाती आली. पुढे तिथेच असंघटित कामगारांच्या ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाला आवास योजनेचा पैसा मिळाला आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. एवढ्या विस्ताराचे काम कोकणच्या उतारांवर करता येणार नाही आणि करूही नये, पण संघटित कामगारांच्या संस्थेच्या मागे सरकारी निधी उभा राहू शकतो, हे सोलापूरने दाखवले आहे. आमच्या परिस्थितीला अधिक जवळचे उदाहरण पुण्यातील येरवड्याचे आहे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेच्या काळात तिथल्या वस्त्यांमध्ये महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांच्या साहाय्याने कच्ची घरे होती त्याच जागी पक्की बांधण्यात आली. आधीची पक्की घरे आणि गल्ल्या मोडल्या नाहीत, नकाशे रहिवाशांशी बोलून ठरले, आणि कुटुंबांनी दहा टक्के वाटा स्वतः भरला. वस्ती उठवून दुसरीकडे नेण्याऐवजी आहे तिथेच सुधारण्याला सरकारी पैसा देता येतो, याचा हा दाखला आहे.

परदेशातही या कामाला सार्वजनिक निधी मिळतो. थायलंडमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ‘बान मानकोंग’ कार्यक्रमात सरकारी संस्था वस्तीतील बचत गटांच्या सहकारी संस्थेला कर्ज देते आणि रस्ते, गटारे, पाणी यांसाठी वेगळे अनुदान देते. परतफेडीची जबाबदारी संस्थेची असते, त्यामुळे एखाद्या कुटुंबात आजारपण आले तर शेजारी सांभाळून घेतात. लंडनच्या महापौरांनी २०१९ मध्ये लोकांनी चालवलेल्या गृहप्रकल्पांसाठी ३ कोटी ८० लाख पौंडांचा निधी सुरू केला. त्यातली एक बाब मला विशेष वाटली: बांधकामाच्या पैशाबरोबर त्याआधीच्या तयारीसाठी, म्हणजे जागेची पाहणी, नकाशे, सल्लागाराचे शुल्क यांसाठीही त्यात पैसा होता. आपल्याकडे नेमका या तयारीचा पैसा कोणीच देत नाही. मोजणीची फी, उतारे, मुद्रांक, नकाशा, कार्यालयाच्या फेऱ्यांमध्ये बुडालेले रोज हे सगळे कुटुंब आधी खर्च करते, आणि अर्ज नामंजूर झाला तर तो खर्च वाया जातो. केरळमध्ये शहरी आवास योजनेच्या घराला राज्य आणि स्थानिक संस्था यांच्या वाट्यासह चार लाख रुपये मिळतात आणि त्यात स्थानिक संस्थेचा वाटा मोठा असतो. तिथल्या नगरपालिका घर हा आपला विषय मानतात. आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा हा विषय नगरपालिकांकडे दिलेलाच आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की कोकणातील प्रत्येक नगरपरिषदेने स्वबांधणीच्या घरांसाठी एक फिरता निधी उभारावा. सुरुवातीची रक्कम नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पातून आणि जिल्हा वार्षिक योजनेतून यावी. पाच ते पंधरा कुटुंबांच्या वाडीच्या गटाने, मग तो नोंदणीकृत सहकारी संस्था असो वा बचत गट, मंजूर घरकुलांच्या आधारावर ऑक्टोबरमध्येच आगाऊ रक्कम घ्यावी, चिरा आणि सिमेंट एकत्र आणावे, आणि केंद्र-राज्याचे हप्ते येतील तसे ते थेट निधीत परत जमा व्हावेत. एका लहान नगरपरिषदेने वर्षाला ४० कुटुंबे घेतली आणि प्रत्येकाला एक लाख आगाऊ दिले, तर ४० लाख रुपये लागतील. यातून नगरपरिषद अनुदान देत नाही. मधल्या सहा-आठ महिन्यांचा भार तेवढा उचलते, आणि तोच पैसा पुढच्या वर्षी पुढच्या वाडीला जातो. याच निधीतून एक पूर्णवेळ तंत्रज्ञ नेमावा, ज्याने फोटो काढण्यापुरते न येता पाया खणताना, जोत्याला पट्टी देताना आणि छप्पर भिंतीला घट्ट बांधताना जागेवर उभे राहावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत जी छपरे उडाली त्यांतली अनेक भिंतीला नीट बांधलेलीच नव्हती. हे मी स्वतः फिरून पाहिले आहे. चार लोखंडी पट्ट्या वेळेवर बसवण्याचा सल्ला मिळाला असता तर ती घरे वाचली असती.

सातबाऱ्याबाबत दोन गोष्टी तातडीने करता येतील. अनुदान घरासाठी आहे, त्याने जमिनीच्या हिश्श्यात काहीही बदल होत नाही, असे स्पष्ट हमीपत्र घेऊन घरपट्टी, वीजबिल आणि शेजाऱ्यांचा पंचनामा यांवर ताबा मान्य करावा. आणि महसूल खात्याने दरवर्षी गणपतीच्या दिवसांत प्रत्येक नगरपरिषदेत वारसनोंदी आणि संमतीपत्रांची शिबिरे भरवावीत, कारण वर्षातून तेवढेच दिवस सगळे हिस्सेदार गावात असतात.

गटाला पैसा दिला तर वाडीतला एखादा पुढारी तो खाईल, अशी शंका अनेकांनी माझ्यापाशी बोलून दाखवली आहे. ती मी हलकी मानत नाही. पतपेढ्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. पण गटाचे खाते तिघांच्या सहीने चालावे आणि त्या तिघांत दोन स्त्रिया असाव्यात, किती चिरा आला, किती सिमेंट लागले आणि कोणाला किती मजुरी दिली हे देवळाच्या किंवा जमातखान्याच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहिले जावे, तर चोरी लपणे कठीण आहे. आज एकेकट्या अर्जदाराला फायलीमागे जी चिरीमिरी द्यावी लागते तिची नोंद कुठल्याही फळ्यावर होत नाही. एक खरी अडचण मात्र आहे: ज्या वाड्यांत भावकीचा वाद न्यायालयात आहे, तिथे गट होणार नाहीत. त्यांच्यासाठी सध्याचीच वैयक्तिक पद्धत चालू ठेवावी, फक्त पहिला हप्ता जोत्याआधी द्यावा.

आमच्या वाडीत अकरा कुटुंबे या पद्धतीने काम करायला तयार आहेत. त्यांची अंदाजपत्रके आणि नकाशे मी करून ठेवले आहेत, खाणमालकाशी चिऱ्याच्या दराचे बोलणे झाले आहे, आणि सातबाऱ्यावरील सह्यांपैकी चारच राहिल्या आहेत. येत्या अर्थसंकल्पी सभेत नगरपरिषदेने या निधीसाठी लेखाशीर्ष उघडले, तर दिवाळीनंतर पाया खणायला सुरुवात करता येईल. आपल्या पत्रातून हा विषय नगरसेवकांपर्यंत आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांपर्यंत जावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक,
जि. रत्नागिरी